शेवटच्या बांधीतून 'हो' आल्याशिवाय

माझ्या सासूबाईंना कुणी विचारलं की तुमची सून दिवसभर घरात बसून करते तरी काय, तर त्या सांगतात, "लोकाइच्या कंप्युटरमधलं उष्टं-खरकटं उचलते." सुरुवातीला मला याचा भयंकर राग यायचा. दोन-तीनदा मी त्यांना नीट समजावूनही पाहिलं. मग एकदा माझ्याच लक्षात आलं की इतक्या थोडक्यात आणि इतकं बरोबर मलाही सांगता येत नाही, तेव्हापासून मी वाद घालणं सोडलं.

आता मोठ्या कामाचे संगणक कुणी आपल्या खोलीत ठेवत नाही. दूर कुठेतरी मोठाल्या इमारतींत हजारो यंत्रं चालू असतात आणि ती भाड्याने मिळतात. यालाच क्लाउड म्हणतात. यंत्र घ्यायला एक मिनिट पुरतं, त्यामुळे लोक घेतात आणि विसरून जातात. आम्ही पाच-सहा जणांनी मिळून लिहिलेलं एक साधन अशी विसरलेली यंत्रं आणि साठवणीच्या डिस्क शोधून काढतं. प्रत्येक वस्तूला मालकाच्या नावाची चिठ्ठी लावलेली असावी अशी अपेक्षा. जिला चिठ्ठी नाही तिची यादी करून साधन विचारतं, "हे काढून टाकू का?" माणसाने हो म्हटलं की काढून टाकतं. काढलेलं परत येत नाही.

हे साधन कुणाच्या मालकीचं नाही. त्याचा कोड उघड्यावर ठेवलेला आहे. कुणीही वाचावा, वापरावा, काही सुधारलं तर आमच्याकडे पाठवावं. आलेली सुधारणा तपासून आत घ्यायची की परत पाठवायची हे ठरवण्याचं काम सध्या माझ्याकडे आहे. पोटापाण्याची नोकरी वेगळी आहे, पुण्याच्या एका कंपनीची, तीही इथूनच, आमच्या एकोडी गावातूनच चालते. हे दुसरं काम फुकटचं.

"फुकटात कायले करते?" सासूबाईंनी एकदा विचारलं.

"तुम्ही नाही का शेजारच्या लग्नात पोळ्या लाटायला जात?"

"तिथं गप्पा तं होतात."

"इथेही होतात, आई."

हे खोटं नव्हतं. पण गप्पांची तऱ्हा निराळी. सगळं लिहून. पाच-पाच वर्षं रोज बोलणाऱ्या माणसाचा चेहरा आपण पाहिलेला नसतो, फोन नंबर मागायची तर पद्धतच नाही. असाच एक गृहस्थ युरोपातल्या कुठल्याशा गावातला. तिथे अंध लोकांसाठी पुस्तकं मोठ्याने वाचून त्यांची ध्वनिमुद्रणं ठेवणारी एक छोटी संस्था आहे. वाचणारे सगळे हौशी, आणि हा त्यांचे संगणक सांभाळणारा एकटा माणूस. नऊ वर्षांची वाचलेली पुस्तकं एका डिस्कवर, आणि त्या डिस्कला चिठ्ठी नाही. आमचं साधन त्याच्याकडे दर रविवारी आपोआप चालतं, तेही नेहमी सगळ्यात नवी आवृत्ती स्वतःच उतरवून घेऊन. ते दर रविवारी विचारतं, "ही डिस्क काढू का?" आणि हा दर रविवारी उठल्यावर "नाही" म्हणतो.

"चिठ्ठी का लावत नाही बाबा?" मी एकदा वैतागून लिहिलं होतं. त्याचं उत्तर आलं, "मग आठवड्यातून एकदा तिची चौकशी कोण करेल?" दुसरी प्रत आहे का, असं विचारलं तर म्हणाला, करायची आहे. मी त्याला चांगलं फैलावर घेतलं. तो हसला, म्हणजे हसण्याचं चिन्ह पाठवलं. प्रत काही केली नाही.

गेल्या वर्षीच्या रोवण्याच्या, म्हणजे धानाच्या लावणीच्या, दिवसांतली ही गोष्ट. आमच्या साधनाबद्दल एक जुनी तक्रार होती. लोक ते आपोआप चालायला लावून देतात, समोर उत्तर द्यायला माणूस नसतो, आणि ते बिचारं प्रश्न विचारून तिथेच उभं राहतं. कधी दोन-दोन दिवस. एका अनोळखी माणसाने यावर इलाज लिहून पाठवला. दोनशेच्या आसपास ओळी होत्या, स्वच्छ, वाचायला सुरेख. सगळ्या चाचण्या पास. त्यात मधे कुठेतरी एक ओळ अशी होती की एका मिनिटात उत्तर आलं नाही तर उत्तर 'हो' समजावं.

ती ओळ माझ्या नजरेतून सुटली असती तर मी स्वतःला माफ केलं असतं. सुटली नव्हती. मी ती वाचली, आणि 'बरं झालं, आता लटकून राहणार नाही' असं म्हणून पुढे गेले. त्याचं कारण असं की माझं अर्धं डोकं शेतात होतं. शनिवारी दुपारी रोवणाऱ्या बायांच्या म्होरकीणबाईंचा निरोप आला होता. उद्या येतो, उद्या नाही जमलं तर मग आठ दिवसांनी. आमचे पऱ्हे, म्हणजे धानाची रोपं, आधीच उंच झाले होते, आणखी आठ दिवस थांबले असते तर काही खरं नव्हतं. रोवण्याच्या दिवसांत बाया तारीख देतात आणि आपण ती घेतो, तिथे कुणाचं काही चालत नाही. तेव्हा उद्याचा दिवस मोकळा असावा म्हणून मी शनिवारी संध्याकाळीच सगळं उरकायला घेतलं. सुधारणा आत घेतली, नवी आवृत्ती जगासाठी बाहेर सोडली आणि दुसऱ्या दिवशीच्या भाजीसाठी वांगी चिरायला बसले.

आमच्या कामाचे काही नियम आहेत. त्यातला एक असा की दुसऱ्या दिवशी आपण जागेवर नसणार असू तर आदल्या दिवशी नवी आवृत्ती बाहेर काढायची नाही. हा नियम ठळक अक्षरांत मीच लिहून ठेवला आहे. नव्या लोकांना तो दाखवतेही मीच.

रविवारी सकाळी सातलाच आम्ही बांधीत उतरलो. बारा-तेरा बाया, सासूबाई आणि मी. बांधी म्हणजे आमच्याकडे धानाचा चारी बाजूंनी बांध घातलेला तुकडा. आमच्या चार बांध्या तलावाच्या पाटावर अगदी शेवटी येतात. आठवडाभर पावसाने दडी मारली होती, त्यामुळे तलावाचं पाणी घेऊनच रोवायचं होतं. मला या कामात काही गती नाही. बायांच्या तीन ओळी होईतो माझी एक होते, तीही वाकडी. "सूनबाईची ओळ पाहून बगळे रस्ता चुकतीन," असं म्होरकीणबाई म्हणाल्या आणि सगळ्या हसल्या. मी पण हसले. चिखलात पाय, डोक्यावर ढगाळ ऊन, फोन डब्यांच्या पिशवीत. बांधीत तशीही रेंज नसते. मला फार बरं वाटत होतं.

साडेदहा-पावणेअकराच्या सुमाराला एक बाई मागे सरकता सरकता चिखलात सपशेल बसली. तिला उठवायला गेलेली दुसरीही बसली. मग काय, जो हशा पिकला तो थांबेना. त्या गोंधळात पाटाच्या कडेकडेने एक म्हातारे गृहस्थ तणतणत येताना दिसले. तलावाचं पाणी सोडण्याचं काम त्यांच्याकडे. तलावाच्या पाळीत, म्हणजे मातीच्या बंधाऱ्यात, पाणी सोडायला जे दार असतं त्याला आमच्याकडे तुडूम म्हणतात. ते उघडणं-बंद करणं गावाने त्यांच्यावर सोपवलेलं आहे. नात्याने ते मला सासऱ्यांसारखे, मी त्यांना मामाजी म्हणते.

"अवं बायाहो, केव्हापासून पाळीवरून आवाज देऊन राहिलो!" ते ओरडले. "कोणी बोलूनच नाई राहिलं. पाणी सोडू का नको?"

"मंग सोडून द्याचं नं जी," म्होरकीणबाई म्हणाल्या. "एवढ्या दूर चालत काहून आले?"

"असं कसं सोडून द्याचं? इथं पऱ्ह्याच्या जुड्या ठेवल्या असतीन, कोणाचं लेकरू पाटात बसलं असन. शेवटच्या बांधीतून 'हो' आल्याशिवाय तुडूम नाई उघडत आपल्या गावात, तुमाले मालूम नाई का? कोणी बोललं नाई म्हंजे 'हो' झालं का?"

माझ्या हातात एक जुडी होती. ती तशीच खाली पडली.

कोणी बोललं नाही म्हणजे हो झालं का? झालं होतं. काल संध्याकाळी, माझ्या सहीने झालं होतं. आणि आज रविवार होता. त्या गृहस्थाचं साधन रविवारी सकाळी सहा वाजता चालायचं, हे मला पाठ होतं. आता अकरा वाजत आले होते. म्हणजे पाच तासांपूर्वीच साधनाने नवी आवृत्ती उतरवून घेतली, विचारलं की ही डिस्क काढू का, तो झोपलेला होता, एक मिनिट गेलं आणि नऊ वर्षांचे आवाज पुसले गेले. माझ्या डोळ्यांपुढे एक बाई आली, कानाला यंत्र लावून बसलेली, आणि तिच्या यंत्रातून काहीच ऐकू येत नव्हतं.

"आई, मला घरी जायचं आहे," एवढंच मी म्हटलं आणि बांधावर चढले.

"काय झालं वं? कुठी चालली?" सासूबाई मागून ओरडल्या. मला रडू फुटलं होतं. पिशवीतून फोन उचलला आणि चिखलाच्या पायांनीच पळत सुटले. शेत ते घर पंधरा मिनिटांची वाट आहे. वाटेत मी आधी त्या सुधारणा पाठवणाऱ्या माणसाला शिव्या दिल्या, अगदी आईबहिणीवरून म्हणता येणार नाहीत पण त्याच्या जवळपासच्या. मग पाटाच्या पुलाशी येईतो त्या सगळ्या शिव्या वळून माझ्यावर आल्या. त्याने पाठवलं होतं, आत घेतलं मी होतं.

घरी लाइट नव्हती. म्हणजे वायफाय नाही. लॅपटॉप उचलून मी गोठ्याच्या मागे गेले, तिथे फोनला बऱ्यापैकी रेंज येते. कुटाराच्या, म्हणजे भुश्याच्या, पोत्यावर लॅपटॉप ठेवला. त्या गृहस्थाला काय लिहायचं हे वाटेत ठरवलं होतं: चूक माझी आहे, तुझी नाही, आणि भरून देता येण्यासारखी नाही. दोन ओळी लिहिल्या. त्याने वेळ नेमकी कधी सांगितली होती ते पाहायला जुना पत्रव्यवहार उघडला, आणि तिथे मला माझाच एक उपदेश सापडला.

आमच्या धंद्यात जो तो आपापल्या देशाचं घड्याळ धरून बसला तर घोळ होतो, म्हणून सगळ्या यंत्रांना एकच जागतिक वेळ लावायची असते. ती आपल्या वेळेच्या साडेपाच तास मागे चालते. दोन वर्षांपूर्वी मीच त्याला हे सुनावलं होतं, जरा चढ्या आवाजात. खाली त्याचं नम्र उत्तर होतं की ठीक आहे, आता सहा म्हणजे जागतिक वेळेचे सहा.

जागतिक वेळेचे सहा म्हणजे आमचे साडेअकरा. फोनमध्ये अकरा चौदा झाले होते.

जगाला घड्याळ शिकवणारी मी, गोठ्याच्या मागे उभी राहून बोटं मोजत होते. तीनदा मोजलं. तीनदा साडेअकराच आले. इतका आनंद मला लग्नात झाला नव्हता, हे नवऱ्यालाही सांगून झालं आहे.

सोळा मिनिटं हातात होती. खराब आवृत्ती मागे घेतली की नवीन मागणाऱ्याला आपोआप त्याच्या आधीची जुनी मिळते. मागे घ्यायला दोनच बटणं लागतात, पण ती दाबायला लॅपटॉपला एक इवलीशी चावी लावून तिच्यावर बोट टेकवावं लागतं, म्हणजे माझ्या नावाने दुसऱ्या कुणाला तो उद्योग करता येऊ नये. चावी कपाटात, दागिन्यांच्या डब्यात. कपाटाची किल्ली सासूबाईंच्या कमरेला, शेतात. मी कपाटाच्या कडीत विळी घालून ते उघडलं. त्याची खूण अजून आहे, आणि आल्या-गेल्याला ती दाखवली जाते.

अकरा एकवीसला आवृत्ती मागे घेतली गेली. पण खाली एक सूचना आली की हा बदल सगळीकडे पोहोचायला दहा मिनिटांपर्यंत वेळ लागू शकतो. तुडूम बंद केला तरी पाटातलं पाणी थोडा वेळ येत राहतं, तसंच हे. अकरा एकवीस आणि दहा, अकरा एकतीस. मला एक मिनिट कमी पडत होतं.

मग मी सगळ्यांना दिसेल अशी सूचना लावली, त्या गृहस्थाला "काहीही चालवू नकोस, यंत्र बंद कर" असं तीन ठिकाणी लिहिलं, आणि बघत बसले. साडेअकरा वाजले. एकतीस झाले. पावणेबारा झाले. त्याचं उत्तर नाही. पहिलं उत्तर आलं ते ती ओळ पाठवणाऱ्या माणसाचं. त्याने लिहिलं होतं की दोष माझा आहे, मी यापुढे इथे काही पाठवणार नाही. ज्याला मी वाटेत इतकं बोलले होते त्याला मी लिहिलं की ओळ तुझी होती, मंजुरी माझी होती, तेव्हा गपगुमान इथेच राहा आणि ती दुरुस्त कर. त्याने ती केलीही. आता कुणी उत्तर दिलं नाही तर आमचं साधन मालकाला एक पत्र टाकतं आणि कशालाही हात न लावता बंद होतं. शनिवार रात्रीपासून दुसऱ्या कुणाचं काही गेल्याची तक्रारही आली नाही. पण हे सगळं नंतरचं.

बॅटरी संपत आली तेव्हा मी फोन घेऊन शेताकडे परत निघाले. बांधीत उतरण्यात अर्थ नव्हता, तिथे रेंज नाही. तलावाच्या पाळीवर येते, म्हणून तिथेच एका दगडावर बसले. खाली बाया दिसत होत्या. साडेबारा झाले, एक वाजला. त्यांची कामं थांबलेली होती आणि त्या बांधावर नुसत्या बसल्या होत्या. जेवायची वेळ झाली असेल असं मला वाटलं. कुणी जेवत मात्र नव्हतं. माझं तिकडे नीट लक्षही नव्हतं. मी सारखा फोनचा पडदा बोटाने खाली ओढून सोडत होते, नवीन काही आलं का ते पाहायला.

शेवटी सासूबाईच पाळ चढून वर आल्या. गुडघे दुखतात म्हणून त्या एरवी ही चढण टाळतात. माझ्यासमोर उभ्या राहिल्या. नुसता माझ्या खांद्यावर हात ठेवला. आणि नेमका तेव्हाच फोन थरथरला.

"जुनीच आवृत्ती आली," त्या गृहस्थाने लिहिलं होतं. "सहाला चालली, प्रश्न विचारला आणि नेहमीसारखी थांबून राहिली. मी आत्ता उठलो. तुझे तिन्ही निरोप वाचले. यादीत एकच नाव होतं, तेच. मी 'नाही' म्हटलं आहे. आणि मग चिठ्ठी लावली. आता दुसरी प्रत करायला बसतो आहे, ती झाल्याशिवाय चहा पिणार नाही."

मी मोठ्याने "आहे! सगळं आहे!" असं ओरडले आणि पुन्हा रडायला लागले. खालून बाया उभ्या राहून वर पाहू लागल्या.

"कोणाचं काही झालं नाई नं?" सासूबाईंनी आता विचारलं. त्यांचा आवाज इतका बारीक मी कधी ऐकला नव्हता. "मले वाटलं तुया माहेरचा निरोप आला. तुये बाबा..." मग म्हणाल्या, "मी बायाइले म्हटलं, ती येऊन सांगेपर्यंत कोणी घास नाई घ्याचा. तवापासून बसून आहेत बाप्पा."

माझ्या आता लक्षात आलं. भर रोवण्यातून बाई रडत पळाली की त्याचा आमच्याकडे एकच अर्थ होतो. आणि मग ती येऊन पाळीवर डोकं खाली घालून बसली. त्या सगळ्या दोन-अडीच तास उपाशी राहून माझ्या वडिलांसाठी सुतक धरून बसल्या होत्या, आणि माझे वडील त्या वेळी घरी टीव्ही बघत असणार.

"आई, कुणाला काही झालं नाही. बाबा बरे आहेत. माझ्या कामातली भानगड होती."

मला वाटलं, आता त्यांच्या तोंडाचा पट्टा सुटणार. कंप्युटरसाठी एवढा तमाशा, बारा बाया उपाशी, मजुरीचे तास वाया. सुटला असता तर मी एक शब्द बोलले नसते. त्या फक्त माझ्या शेजारी दगडावर बसल्या आणि गुडघा चोळत म्हणाल्या, "काय जाऊन राहिलं होतं?"

मी सांगितलं. दूर एका गावात डोळ्यांनी न दिसणारी माणसं आहेत, त्यांच्यासाठी काही लोक पुस्तकं वाचून ठेवतात, आवाजात. ते सगळे आवाज माझ्या चुकीने पुसले जाणार होते.

"किती दिवसाचे?"

"नऊ वर्षांचे."

सासूबाईंनी पदराने माझं तोंड पुसलं. त्यावर बराच चिखल असावा, कारण दोनदा पुसावं लागलं.

"मंग तं पळणंच होतं वं माय," त्या म्हणाल्या, आणि खाली वाकून बायांना ओरडल्या, "आहे, सगळं आहे! डबे काढा!"